ओठाला लावून दहा मिनिटं

१२ जून १९७२, सोमवार

पोचले. एसटीनं फाट्यावर सोडलं. तात्यांनी गडी पाठवला होता, ट्रंक त्यानं डोक्यावर घेतली. स्टोव्ह, कढई आणि करडईच्या तेलाच्या चार बाटल्या असलेली पिशवी मात्र मी हातची सोडली नाही. "बाई, सोनं हाय का काय त्यात?" तो म्हणाला. म्हटलं, सोनंच समज.

खोली तात्यांच्याच घराची, बाहेरच्या अंगाला. तात्या शाळा कमिटीवर. बायको भागाबाई, पस्तिशीची असेल, उंच, हसरी. आवाज असा की ओढ्यापलीकडची म्हैस वळावी. शाळेत शिक्षक दोनच, हेडमास्तर (यापुढे हे.मा.) आणि मी.

नेमणूक तात्पुरती. जानेवारीत हे.मां.चा अहवाल वर जाईल, तो बरा गेला तर कायम, नाहीतर संगमनेरला घरी. दाखल्यासाठी डॉक्टरांनी विचारलं, काही आजार? नाही म्हटलं. नगरच्या शाळेत खरं सांगितलं होतं. तिथे कुणाच्या तरी चिवड्यानं शिक्षकांच्या खोलीत आडवी झाले आणि महिन्याभरात 'विश्रांती घ्यावी' असं पत्र हातात. यंदा तोंड बंद.

शेंगदाणे हा शब्दसुद्धा लिहावासा वाटत नाही. यापुढे दा.

१४ जून, बुधवार

भागाबाई ताट घेऊन दारात. पिठलं, बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा. ठेच्यात दा.चं कूट डोळ्यांना दिसत होतं, आणि तेलही घाण्यावरचं शेंगतेलच. वास आला तसा घसा आवळला. खरंच आवळला की भीतीनं, हे मला अजून ओळखता येत नाही.

माझा नववीपासूनचा नियम आहे. शंका असेल तर कणभर खालच्या ओठाला लावायचं, दहा मिनिटं थांबायचं. मुंग्या आल्या नाहीत तर खायचं. पण माणूस ताट धरून उभं असताना तिच्यासमोर ओठाला लावून घड्याळ बघत बसायचं?

म्हटलं, "आज माझा उपास."
"बुधवारचा?"
"नवस आहे."

ताट परत गेलं. वाईट वाटलं. नंतर माझा बिनतेलाचा मऊ भात.

१९ जून, सोमवार

उपासाचं फळ मिळालं. आज सोमवार, म्हणून भागाबाईनं साबुदाण्याची खिचडी आणली. मूठभर कूट घालून, माझ्यासाठी म्हणून जास्तच. हसू आवरेना आणि रडूही. 'निर्जळी आहे' म्हणाले. आता बुधवार नवसाचा, सोमवार निर्जळी, शनिवार मारुतीचा. आठवड्याचे वार पुरेनात.

८ जुलै, शनिवार

पकडली गेले. मारुतीच्या वारी माझ्या खोलीत फोडणीचा वास. भागाबाई दारात उभी.

"उपास न्हवं आज?"

कढईत वांगं चुरचुरत होतं.

"तुमी बामनाच्या. आमच्या हातचं चालत न्हाई, म्हना की सरळ. आमी काय मारायला उठनार हाय व्हय?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

सांगावं वाटलं, अहो, सोवळ्याओवळ्यावरून मी घरी आईशी भांडते. पण खरं सांगितलं की ते तात्यांच्या कानी, तात्यांकडून हे.मां.च्या, आणि पुन्हा 'विश्रांती घ्यावी'. तेव्हा सोवळी तर सोवळी. स्वतःचा इतका राग क्वचितच आला असेल.

१७ ऑगस्ट, गुरुवार

पाऊस नाही. बाजरी वीतभर येऊन वाळली. विहिरीवर भागाबाई भेटते, बोलत नाही. तिची घागर भरली की माझ्याकडे न बघता दोर माझ्या हातात देते. तेवढं अजून चालू आहे.

घरून पत्र. अप्पा लिहितात, "प्रकृतीशी खेळू नकोस. नोकरी गेली तरी घर आहे." घर आहे, ठाऊक आहे. नगरहून आल्यावर आठ महिने त्या घरात बसले. येणारा प्रत्येकजण आईला विचारायचा, हिचं आता काय? मला पहिली-दुसरीची चाळीस पोरं आहेत. बाराखडी म्हणताना ती अशी ओरडतात की पत्रे हलतात. मला हेच हवंय.

२७ नोव्हेंबर, सोमवार

पटावरच्या दोन मुली दिवाळीपासून येत नाहीत. बौद्धवस्तीत त्यांच्या आईच्या, यमुनाबाईंच्या घरी गेले. त्या दुष्काळी कामावर खडी फोडतात, मुली धाकट्याला सांभाळतात. बोलता बोलता त्यांनी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी पुढे केली. वर मीठ आणि कांदा.

"बाई, त्याल न्हाई घरात. कोरडीच हाय. चालंल का?"

तेल नाही, कूट नाही. ओठाला लावायचीही गरज नव्हती. दोन भाकरी खाल्ल्या. साडेपाच महिन्यांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातचं. डोळ्यांत पाणी आलं तर यमुनाबाई म्हणाल्या, "कांदा तिखट हाय वाटतं."

३० नोव्हेंबर, गुरुवार

गावभर झालं. तात्यांच्या ओट्यावर काहीजण बसून होते, बाई त्या वस्तीत जेवली म्हणून. त्यांचं मी समजू शकते, म्हणजे समजून राग करू शकते. भागाबाईचं तसं नाही. तिनं आज जवळजवळ पाच महिन्यांनी तोंड उघडलं.

"तितं चाललं. मंग आमच्यातच काय खोट हाय? मला वाटलं जातीचं आसंल, त्याचं काय येवढं न्हाई वाटलं. म्हंजे माझंच हातचं नगं तुमास्नी."

म्हणजे इतके दिवस ती मला माफ करायला कारण शोधत होती, आणि तेही मी काढून घेतलं.

तात्यांनी माझ्या बदलीचा अर्ज लिहून घेतलाय म्हणे; तात्पुरत्या बाईची बदली म्हणजे घरीच. खिशात आहे, अजून दिला नाही.

११ डिसेंबर, सोमवार

शाळेत सुकडी आली, पोतंभर. सरकारी खाऊ, दुष्काळासाठी. हे.मां.नी सांगितलं, गहू, गूळ, दुधाची भुकटी आणि दा.चं पीठ. पोरं लाळ गाळत बसली, पण आया दारात. कुणीतरी उठवून दिलंय की या पिठात काहीतरी मिसळतात. हे.मां.चा तोडगा असा की उद्यापासून वाटपाआधी पोरांसमोर शिक्षकांनी चिमूटभर खायची. वाटप पहिली-दुसरीपासून. म्हणजे मी.

आज 'दात दुखतोय' म्हणून टाळलं. मागून एक आई म्हणाली, "बाई सोता खात न्हाई, आन् पोरास्नी चारती." चाळीसपैकी सव्वीस पोरांना आयांनी हात धरून घरी नेलं. ती पोरं रोज सकाळी काय खाऊन येतात, मला माहीत आहे.

उद्या जिभेवर ठेवीन, गिळणार नाही, पाठमोरी होऊन पदरात थुंकीन. नगरच्या डॉक्टरांनी यासाठी दिलेली गोळी आधीच घेऊन ठेवीन.

१६ डिसेंबर, शनिवार

काल दवाखान्यातून परत आले, आता लिहिते.

मंगळवारी जिभेवर ठेवली. पाठमोरी होणार तोच पुढच्या रांगेतून, "बाई, गोड हाय का?" सगळी पोरं माझ्या तोंडाकडे बघत. दारात आया. मी "गोड आहे" म्हटलं, आणि म्हणताना गिळलं गेलं.

पोरं खायला लागली, एवढं पाहिलं. मग ओठ, जीभ, कान. अंगभर गांधी उठल्या. श्वास येईना. माणसांनी तात्यांच्या घरी नेलं, 'पित्त उठलंय, पित्त' म्हणत. भागाबाईनं आमसूल चोळलं, घोंगडं घातलं. मी खुणेनं वही मागितली आणि लिहिलं: दाणे. डॉक्टर. लौकर. हे.मां.नी ते मोठ्यानं वाचलं. तात्या स्वतः धावत रस्त्याच्या कामावर गेले आणि ओव्हरसियरची जीप घेऊन आले.

राहुरीपर्यंत माझं डोकं भागाबाईच्या मांडीवर. ती वाटभर बडबडत होती. "मेली आसतीस म्हंजे? सांगाया काय झालं हुतं तुला? मी इख घेऊन येत हुते व्हय ग तुझ्या दारात? रोज? आन् तू उपास सांगतीस?"

तुला म्हणाली. श्वास कमी असतानासुद्धा ते ऐकलं.

इंजेक्शनं दोन. तीन दिवस दवाखान्यात. डॉक्टरांनी तिला शब्द सांगितला, अ‍ॅलर्जी. ती म्हणाली, "वावडं म्हना की."

२४ डिसेंबर, रविवार

आता गाव माझा राग करत नाही, कीव करतं. विहिरीवर बाया मला मागे ठेवत नाहीत, पुढे ढकलतात. तात्यांनी अर्ज फाडला आणि हे.मां.ना जाऊन सांगितलं, "पोरीला घरी धाडा, हितं मरंल." भल्यासाठीच म्हणाले. रागातूनही घरीच जायचं होतं, मायेतूनही घरीच.

यमुनाबाईंचा निरोप घ्यायलाही मिळालं नाही. मी दवाखान्यात होते तेव्हा पोरींना घेऊन त्या लांब तलावाच्या कामावर गेल्या. पटावर दोन नावांपुढे गैरहजर लिहिते आहे.

१० जानेवारी १९७३, बुधवार

हे.मां.नी बोलावलं. अहवाल समोर. सगळे रकाने शाईनं भरलेले, चांगले. 'प्रकृती' कोरा.

"बाई, तुम्ही खोटा दाखला आणलात, ते मी विसरलो. पोरांसाठी गिळलंत, ते विसरणार नाही. पण उद्या तुम्ही तापानं पडलात, स्टोव्ह पेटवायला उठता आलं नाही, तर या गावात तुमच्या पोटात निर्धास्त काही घालील असं एक तरी घर आहे का? एक सांगा. मी 'उत्तम' लिहितो."

यमुनाबाई, मी म्हणाले. त्या तर गेल्या, हे.मा. म्हणाले.

"सोमवारी टपाल जातं," एवढंच बोलून त्यांनी टोपण लावलं.

घरी येऊन रडले. भागाबाईनं विचारलं, सांगितलं. या खेपेला सगळं सांगितलं. ती उठून पाट्याकडे गेली आणि त्यावर बोट फिरवून बघत बसली.

१२ जानेवारी, शुक्रवार

पाट्याला छिन्नीनं टाकी लावणारी बाई गावात आली होती. सकाळभर टकटक. भागाबाईनं पाटा आणि वरवंटा दोन्ही नव्यानं टाकवून घेतले. "धा वर्सं दानं वाटलं ह्याच्यावर. भोकाभोकात बसलं आसंल." मग दोन हंडे पाणी पाट्यावर, एक परातीवर. तीन हंडे. विहीर आटल्यापासून टँकरची पाळी चार दिवसांनी येते आणि घराला सहा हंडे मिळतात. सासू ओट्यावरून बघत होती. तात्या बैलांकडे गेले. मी 'अहो नको' म्हणाले तर माझ्यावरच ओरडली.

परातीला आणि हाताला लावायला म्हणून माझ्या करडईच्या तेलातलं वाटीभर मागून नेलं.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत

उद्या टपाल जाणार. भागाबाई आली. जरीकाठी लुगडं, हातात वाटी, त्यात तिळाचे तीनच लाडू. तीळ, गूळ, दुसरं काही नाही. तीळ मला चालतात. पण हात तिचेच, आणि काल भोगीच्या भाजीत या घरात दा. पडलेच असणार. हात धुतले असतील. किती धुतले असतील?

गिळता आलं असतं, सुकडीसारखं, तिच्या समाधानासाठी. तसं करणार नाही. तिला नियम सांगितला, जो आजवर कुणालाच सांगितला नव्हता. वाटलं, आता वाटी उचलून जाईल.

ती खाली बसली. "मंग लाव की व्हटाला. मी हाय हितं."

कण लावला. बरोबर साडेआठला. घड्याळ तिला वाचता येत नाही, म्हणून तिनं विचारलं, मोठा काटा कुठं आला म्हंजे खायचं? म्हटलं, आठावर. आठ कुठला ते बोटानं दाखवलं. गोळी उशाशी आहे. तात्यांना तिनं ओव्हरसियरकडे आधीच बसवून ठेवलंय म्हणे, जीप हलू द्यायची नाही.

वेळ जाईना म्हणून हे लिहिते आहे. ती माझ्याकडे बघत नाही, घड्याळाकडे बघते. मधेच माझ्या ओठाकडे.

काटा साताच्या जरा पुढे. ओठ गार लागतोय, ती थंडीही असेल.

"आलं का आठ?" म्हणते.

अजून नाही, भागाबाई.