सर्व हक्क क्लायंटकडे

२ जानेवारी २०१९

नवं वर्ष, नवी वही. ही कोणाला दाखवायची नाही.

कोचिंग क्लास सोडला. म्हणजे सर म्हणाले, दत्तात्रय, यंदा इंग्लिशला पोरं कमी आहेत, जूनमध्ये पाहू. मी सोडणारच होतो. एम. ए. झालेल्या माणसानं जन्मभर ॲक्टिव्ह-पॅसिव्ह शिकवत बसणं म्हणजे देशाचं नुकसान.

एका साइटवर लेखक म्हणून नाव घातलं. परदेशातले लोक तिथे लिखाण मागवतात. आपण घरी बसून लिहायचं, त्यांना पसंत पडलं की ॲप्रूव्ह. नाव मात्र आपलं कुठेच येत नाही. बायकोला, कोकिळाला, समजावून सांगितलं. ती स्वतःचा शाळेचा डबा भरत होती. बरं, म्हणाली.

टेबल पुढच्या खोलीत वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, कॉटसमोर लावलं. दुसरीकडे जागा नाही.

संकल्प: रोज तीन लेख. दिवाळीपर्यंत स्वतःची टीम.

९ जानेवारी

साइटनं टेस्ट घेऊन दोन स्टार दिले. पाचपैकी. त्यांच्या कॉम्प्युटरला माझी शैली झेपली नसावी.

पहिला लेख: गालिचा घरी कसा धुवावा. आपल्या घरी गालिचा नाही. बुरहानपूरच्या आमच्या इतवारा वॉर्डात कोणाच्या घरी असेल तर माहीत नाही. तरी लिहिला. ॲप्रूव्ह झाला. आनंद वगैरे काही झाला नाही. प्रोफेशनल माणसाला होत नसतो.

२४ जानेवारी

आज वेगळीच ऑर्डर. तिकडे कोणी वारलं की चर्चमध्ये घरचा माणूस उभा राहून भाषण करतो. ते भाषण हवं होतं. बाप, वय एकाहत्तर, मासे पकडायची आवड, हट्टी, प्रेमळ. बस्स, एवढी माहिती.

एका बैठकीत लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं की आम्ही सगळे रडलो. मी तेव्हा पोहे खात होतो.

विचार केला तर हे बरोबरच आहे. सर्जन कापताना रडत बसला तर पेशंटचं काय होईल?

निष्कर्ष: मला माझं क्षेत्र सापडलं.

११ फेब्रुवारी

आता फक्त श्रद्धांजल्या घेतो. बहुतेक बापांच्या. फॉर्म्युला बसला आहे. आधी वडिलांचे हात, मग एक विनोद, मग गॅरेजमधली एखादी वस्तू. अमेरिकेतल्या प्रत्येक बापाला गॅरेज असतं. सुरुवात नेहमी एकच: आज आपण एका आयुष्याचा उत्सव साजरा करायला जमलो आहोत. ह्या वाक्यावर आजवर एकही तक्रार नाही.

तीन स्टार झाले.

नानांनी कॉटवरून विचारलं, काय लिखून राहिला रे दत्तू? म्हटलं, परदेशी लोकांची भाषणं. कोणावर? म्हटलं, त्यांचे वडील वारले की. नानांनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, त्या पोराला स्वतःला नाही येत का बोलता? मी म्हटलं, नाना, तिकडे टाइम नसतो लोकांकडे. ते म्हणाले, हां, तेही आहे.

मग खोकले. धाप लागल्यासारखी वाटली. सोमवारी डॉक्टरकडे नेतो म्हणालो.

१८ फेब्रुवारी

सोमवार. दोन बाप अर्जंट आले. नानांना पुढच्या सोमवारी.

२५ फेब्रुवारी

कोकिळानं शाळेतून हाफ डे घेतला आणि नानांना दाखवून आणलं. मी नेणारच होतो. इथला डॉक्टर म्हणाला, जळगावला न्या, हृदयाचं आहे. मी म्हणालो, नेऊ. जरा हे रेटिंग चारवर जाऊ दे.

कोकिळा नानांच्या गोळ्या मोजायला लागली. तिचा स्वभाव समजूतदार आहे.

३ मार्च

इच्छापूरहून बहीण लीला आली. ती आणि कोकिळा, दोघी नानांना जळगावला घेऊन गेल्या. मी मागे थांबलो, घरात कोणी तरी पाहिजे.

रात्री आल्यावर लीलानं सांगितलं की व्हॉल्व्ह खराब आहे. ऑपरेशन करायचं तर लवकर ठरवा, या वयात धोका दोन्हीकडून आहे. नाना डॉक्टरला म्हणाले म्हणे, साहेब, नगर निगमच्या नळखात्यात जन्मभर मी व्हॉल्व्हच फिरवले, एवढा जुना झाला की कोणी दुरुस्त करत नाही, पाणी जाईल तितकं जाऊ देतात. डॉक्टर हसला. सांगताना लीला मात्र रडत होती.

मला विचारलं, दादा, तू काय म्हणतोस? म्हटलं, विचार करून सांगतो. महिनाअखेरीस ठरवायचं असं मी ठरवलं.

१४ मार्च

विचित्र क्लायंट. लिहितो की माझे वडील गेले, सरकारी नोकरीत होते, कमी बोलायचे, मला ते फारसे माहीत नाहीत. आधीच्या दोन लेखकांचं मी परत केलं. मला हात नको, गॅरेज नको. काही तरी खरं लिहा.

खरं म्हणजे काय, हे ऑर्डरमध्ये दिलेलं नव्हतं.

सकाळभर बसलो. काही आलं नाही. समोर नाना भिंतीला टेकून केळ सोलत होते. हल्ली निम्मंच खातात, उरलेलं सालात परत गुंडाळून ठेवतात. मी पाहत बसलो. माणूस एवढा वेळ आपल्या समोर बसतो आणि आपण पाहत नाही.

मग लिहिलं. सायकलच्या दांड्याला बांधलेली व्हॉल्व्हची लांबलचक लोखंडी चावी. पहाटे निघायचे. पाइपाला कान लावून ऐकायचे, पाणी कुठपर्यंत आलं ते कळायचं. पायजम्याची टोकं बारा महिने ओली, आई म्हणायची यांच्या पायांना शेवाळ येईल. माझ्या लग्नात अक्षता पडल्या आणि नाना गायब. वॉर्डात नळ आले नव्हते. वऱ्हाडी जेवायला बसले तेव्हा परत आले, पायजमा ओला, आणि कोकिळाच्या वडिलांच्या पाया पडून म्हणाले, माफ करा, लोकांचं पाणी होतं.

सायकलची मी पिकअप गाडी केली. इतवाऱ्याचा फोर्थ वॉर्ड केला. अक्षतांच्या जागी केक. बाकी सगळं तसंच ठेवलं.

नाना म्हणाले, असा काय पाहून राहिला? म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, केळ खातो का?

१६ मार्च

पाच स्टार! क्लायंट लिहितो, तुम्ही माझ्या वडिलांना ओळखत होता का? माझे वडील पार्किंगच्या ऑफिसात होते, पण पाणी राहू द्या, कोणी काही म्हणणार नाही. मी वाचून दाखवलं तेव्हा पहिल्यांदाच मला त्यांची आठवण आली.

माझं रेटिंग चार. ठरल्याप्रमाणे झालं.

ॲप्रूव्ह होताना नेहमीचा करार स्क्रीनवर आला, तो या वेळी वाचला. सर्व हक्क क्लायंटकडे. भाषांतर, रूपांतर, अंश, सगळं. लेखकानं हा मजकूर कोणत्याही भाषेत पुन्हा वापरायचा नाही. ठीकच आहे, व्यवहार म्हटला की हे आलंच. ओके दाबलं.

३१ मार्च

महिनाअखेर. ऑपरेशनचं पुढच्या महिन्यात बसून ठरवू. नाना स्वतःच नको म्हणतात. एकदाच म्हणाले, पण म्हणाले.

१९ एप्रिल

नानांना ॲडमिट केलं. इथेच, बुरहानपूरला. डॉक्टर म्हणाले, आता जळगावला न्यायची तब्येत नाही. कोकिळा तिथेच थांबते. मी आळीपाळीनं जाणार. आज जमलं नाही.

२४ एप्रिल

दुपारी नाना गेले.

फोन आला तेव्हा एक रिव्हिजन चालू होती. एका मुलीला वडिलांच्या भाषणात कुत्र्याचं नाव घालून हवं होतं. ते घालून पाठवलं आणि निघालो. वाटेत केळीच्या ट्रकांमुळे अडकलो. कोकिळा जिन्यात बसली होती. तिच्या हातात नानांचा चष्मा होता. मी तिला म्हटलं, चल. 

२५ एप्रिल

तापीवर सगळं नीट झालं. फोपनारहून नातेवाईक आले होते. ऊन फार. मुंडण केलं त्यामुळे डोकं हलकं वाटतं.

काही वाटत नाही. वाटेल बहुधा. नोंद म्हणून लिहून ठेवतो.

२८ एप्रिल

सुतकात कीबोर्डला हात लावू नये असं कुठे लिहिलेलं नाही. एक बाप केला.

लीला म्हणाली की तेराव्याला संध्याकाळी समाजाच्या हॉलमध्ये सभा ठेवली आहे. दादा, तू शेवटी बोल, तुझं तर कामच हे आहे.

खरं आहे. बुरहानपुरात या विषयावर माझ्याइतका अनुभव कोणाला असणार? सभा लोकांच्या लक्षात राहील असं बोलायचं. संकल्प केला.

२ मे

बसलो. अडचण अशी आहे की जे जे आठवतं ते गेलेलं आहे. चावी गेली. कान गेला. लग्न गेलं. आईचं शेवाळाचं वाक्यसुद्धा गेलं. हक्क क्लायंटकडे. माणसानं शब्द पाळला पाहिजे. निदान माझं रेटिंग चार आहे.

साइटवर जाऊन तो मजकूर नुसता पाहावा म्हटलं. जुन्या ऑर्डरी लेखकाला दिसत नाहीत.

हरकत नाही. दुसरं लिहू. अजून वेळ आहे.

५ मे

उद्या सभा. मुद्दे डोक्यात तयार आहेत. कागदाची गरज नाही.

६ मे

सभा झाली.

आधी कडूकाका बोलले. नानांच्या हाताखाली होते, त्यांच्यानंतर तीच चावी यांच्याकडे आली. म्हणाले, आमचे शालिग्रामभाऊ पाइपाला कान लावायचे आणि सांगायचे, कडू, पाणी मशिदीच्या कोपऱ्यावर आलं. जाऊन पाहिलं तर खरंच आलेलं असायचं. मग गल्लीतल्या रंभाबाई उठल्या. पदर तोंडाला लावूनच बोलल्या. माझ्या पोरीच्या लग्नाला नळ गेले, तर नानांनी माझ्या एकटीसाठी व्हॉल्व्ह उघडला, आणि मी पेढे घेऊन गेले तर घेईनात, म्हणाले बाई, मी काय माझ्या घरचं पाणी दिलं का? कोणी तरी ओल्या पायजम्याचं बोललं. लोक हसले आणि डोळेही पुसत होते.

मी अस्वस्थ होतो. हे सगळं तिकडे विकलेलं आहे, आणि हे लोक बेधडक वापरत आहेत.

मग लीलानं माझ्याकडे पाहिलं. उठलो. हॉल भरलेला. तोंड उघडलं आणि आलं ते हे: आज आपण इथे एका आयुष्याचा उत्सव साजरा करायला जमलो आहोत.

 फोपनारच्या मामांनी शेजारच्याला विचारलेलं मला ऐकू आलं, काय म्हणाला? उत्सव? मी पुढे बोललो. वडिलांचे हात. ते हात खूप काही सांगायचे, असं म्हटलं. काय सांगायचे ते आलं नाही. मग माझ्या तोंडून निघालं की त्यांच्या गॅरेजमध्ये गेलं की आजही.

तिथे थांबलो. कडूकाका उठून जवळ आले, खांद्याला धरून मला खाली बसवलं आणि लोकांना म्हणाले, पोराला सदमा बसला आहे, समजून घ्या.

सदमा नव्हता. पण एकंदर परिणाम वाईट झाला नाही. लोकांनी समजून घेतलं.

७ मे

 आज भांडी लावता लावता कोकिळानं विचारलं, नानांवर तुम्ही कधी काहीच नाही लिहिलं का? म्हटलं, लिहिलं होतं. मार्चमध्ये. दिलं एका क्लायंटला.

दाखवा मला, म्हणाली. म्हटलं, दाखवता येत नाही, नियम आहे. मग तोंडानं सांगा. मी सांगायला लागलो, पण ते इंग्लिशमध्ये होतं. मराठीत येईना. पिकअप, फोर्थ वॉर्ड, असलंच यायला लागलं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

म्हणाली, दवाखान्यात नाना सगळ्या नर्सेसना सांगायचे, माझा मुलगा परदेशातल्या मेलेल्या लोकांवर लिहितो, लोक रडतात ते वाचून. एकीनं गमतीनं विचारलं, मग बाबा, तुमच्यावर कोण लिहील? तर म्हणाले, तोच लिहील की. म्हणून तर मी त्याला मध्ये बोलवत नाही, त्याचा हात बसू दे. त्याला फक्त एवढं सांगा, फार लांबवू नको, लोकांना नळाच्या वेळेला घरी जायचं असतं.

हे कधी म्हणाले, मी विचारलं. ती म्हणाली, रोजच.

 ती आत गेली.

८ मे

सकाळी ऑर्डरी बंद ठेवल्या. साइटवर जाहीर केलं की लेखक सुटीवर आहे. कॉट काढून ठेवली आहे, त्यामुळे टेबलापुढे जागा खूप झाली.

वहीत नाही, सुट्या कागदावर मराठीत लिहायला घेतलं. नाना पाणी सोडायचे. एवढं लिहिलं.

पुढचं वाक्य येईल म्हणून बसलो. बराच वेळ बसलो. मग उठलो.

कोकिळानं स्वयंपाकघरातून विचारलं, झालं का? म्हटलं, लाइट गेली.

डोक्यावर पंखा घरघरत फिरत होता. तिलाही तिथून ऐकू येत असेल.