तापाची वही

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. रागावलेय मी तुमच्यावर, आणि भांडायला तुम्ही आता उरला नाहीत, म्हणून लिहितेय.

आज सकाळी तुमच्या लॅबमधल्या गुरप्रीत मॅडम झिरकपूरच्या घरी आल्या होत्या. नव्या संयुगाच्या नोंदींची वही त्यांना हवी होती. ताप उतरवेल, दुखणं थांबवेल आणि यकृताला धक्का लावणार नाही असं औषध! बारा वर्षं त्याच्यामागे होतात. मी वही काढली, चाळली आणि मॅडमना म्हटलं, उद्या देते.

शेवटच्या पानांवर प्रयोगातले उंदीर नव्हते, तुम्ही होतात. तारीख, वेळ, ताप, दर दोन तासांनी. वर तुमच्या सुबक अक्षरात लिहिलेलं, 'कंट्रोल'.

तुम्हीच मला सांगितलं होतंत, की काही उंदरांना औषध द्यायचंच नाही, नुसतं पाणी पाजायचं, म्हणजे औषधाविना ताप कसा चढतो ते कळतं. अहो, पण उंदरांना कोणी विचारत नाही! तुमच्या तर उशाशीच तापाच्या गोळ्या होत्या, एकही घेतली नाहीत. आणि एकाच माणसाच्या तापावरून काय सिद्ध होणार होतं? याच चुकीसाठी विद्यार्थ्यांना झापायचात ना?

बुधवारी मी बंगळुरूहून फोन केला. ताप किती, विचारलं. "नव्व्याण्णव गं. जरा कणकण आहे," म्हणालात. वहीत त्या वेळेला एकशे तीन आहे. चुकलेला आकडासुद्धा खोडू न देणारे तुम्ही! वहीशी खरं आणि पोटच्या पोरीशी खोटं?

लहानपणी मी हिंदीत उत्तर दिलं, की ऐकूच न आल्यासारखं करायचात. घ्या, आता अख्खं भांडण मराठीत करतेय.

संसर्ग रक्तात पसरला होता. दोन दिवस आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर आईसमोरच म्हणाले. तेव्हापासून ती स्वतःलाच दोष देतेय. भाजी निवडतानाही एकच, "मला कसं कळलं नाही?" कसं कळणार? लागण होईल म्हणून तुम्ही तिला खोलीतच येऊ देत नव्हतात. विचारलं तर तिलाही नव्व्याण्णवच सांगत होतात.

शेवटच्या नोंदीत आकडा नाही. वेड्यावाकड्या अक्षरात नुसतं 'थंडी वाजते'. बाबा, भिंतीपलीकडे आई होती. हाक का नाही मारलीत?

ही पानं फाडावीत, असं क्षणभर वाटलं. तुमचा मान राहिला असता. पण शब्द देते, फाडणार नाही. आज संध्याकाळी आईला शेजारी बसवून एकेक आकडा वाचून दाखवणार आहे. तिला तुमचा भयंकर राग येईल. येऊ दे. निदान स्वतःवरचा तरी जाईल.

तुमचीच, आणि अजून रागावलेली,
मृण्मयी