माझ्यामागे कोणी नाही

रविवार, २९ सप्टेंबर

आले बाई एकदाची. सामान त्या बेटावरून, हिलोहून, बोटीनं आलं, मी विमानानं, आणि दोघांचीही सारखीच आदळआपट झाली. कानेओहेतली ही खोली एवढीशी आहे, पण मागे पडवी आहे आणि पडवीसमोर थेट डोंगर. हिरवी भिंतच म्हणायची. पाऊस पडला की तिच्यावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरतात. बारमाही पावसात भिजणाऱ्या हिलोच्या माणसाला पावसाचं काय कौतुक असणार, तरी मी कॉफी घेऊन बसले ती बसलेच.

उद्यापासून शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जायचं. इलिमा अजून तिकडे आजीजवळ आहे. नोव्हेंबरच्या लांब सुट्टीत माझी आई तिला घेऊन येईल आणि मग माझी पोर इथेच माझ्याजवळ राहील. तेवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप. बाईसाहेब सात वर्षांच्या आहेत आणि आत्ताच फोनवर बजावलंय, की तिच्या वर्गाला मी जेवण वाढायचं नाही, तिला लाज वाटते म्हणे. घ्या!

शेजारच्या आंटी चियोको दुपारी गरम मुसुबी, भाताचे गोळे, घेऊन आल्या. सत्तरी उलटलेली, पण पोटऱ्या बघाव्यात तर फुटबॉलवाल्याच्या. दर शनिवारी डोंगर चढतात. त्यांची मंडळीच आहे तशी. मलाही चल म्हणाल्या. ओळखी होतील, मी लगेच हो म्हटलं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

अंगाचा कण न् कण ठणकतोय आणि मी जाम खूश आहे.

पुउ केआ डोंगराच्या सोंडेवर गेलो होतो. दोन्ही बाजूंना दरी आणि मधे चिखलाची पायवाट, काही ठिकाणी तर दोन पावलं शेजारी मावत नाहीत. सगळ्यांत पुढे अंकल मॅनी. हे मंडळींचे म्होरके, पोट सुटलेलं आहे पण चालतात हरणासारखे. जिथे वाट फुटते तिथे ते झाडाला गुलाबी फीत बांधत जातात. फीत दिसली की तिकडे वळायचं, इतकं सोपं.

सगळ्यांत मागे डुएन. मागच्या माणसाला इथे ‘शेपूट’ म्हणतात. उतरताना शेपटीनं एकेक फीत सोडवून पिशवीत टाकायची, डोंगरावर आपली खूण ठेवायची नाही. खाली गाड्यांपाशी आलं की अंकल मॅनी सगळ्यांसमोर विचारतात, मागे कोणी आहे का? मग शेपटीनं म्हणायचं, माझ्यामागे कोणी नाही. त्यानंतरच डबे उघडतात. मला वाटलं गंमत आहे, पण कोणी हसलं नाही. डुएननं ते वाक्य म्हटलंच नाही, नुसती मान खाली घातली, आणि अंकल मॅनींनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

हा डुएन ट्रक चालवतो, चाळिशीचा, अबोल. कित्येक वर्षांत वेगासला गेला नाही म्हणाला. आमच्याकडची माणसं वर्षाकाठी एकदा तरी जुगार खेळायला वेगासला जातातच, आणि हा गेला नाही! मी त्याची भरपूर चेष्टा केली. विमानाची भीती वाटते का रे, बायको सोडत नाही का? तो कसानुसा हसला. मग हळूच विचारलं, पुढच्या वेळी तू शेपूट होशील का? मी तशीही सावकाश चालते, नेचे बघत, फोटो काढत. म्हटलं, होईन की, त्यात काय.

शनिवार, १२ ऑक्टोबर

आज शेपूट झाले. डुएननं फितींची पिशवी माझ्या गळ्यात घातली आणि मागे न बघता पुढे निघून गेला. अंकल मॅनींनी एवढंच सांगितलं, की शेपटीनं मागे बघून बोलायचं नाही. मी म्हटलं, मागे असणार कोण, डुकरं? ते म्हणाले, डुकरं असली तर बरंच.

उतरताना धुकं आलं. मी शेवटून दुसरी फीत सोडवत होते तेव्हा मागे कोणीतरी खोकलं. मग पावलं, थकलेल्या माणसाची, चिखलातून पाय ओढत येणारी. मला वाटलं आपल्यातलंच कोणी मागे राहिलं. आणि आम्हा हिलोच्या लोकांना एक खोड असते. घरावरून कोणी जाताना दिसलं की तोंडातून आधी निघतं, ये, खाऊन जा. विचार नंतर. तसंच झालं. मी मागे ओरडले, “ये, सावकाश ये, मी थांबते. खायला आहे माझ्याकडे.”

पावलं थांबली. मग परत आली, पण माणूस काही दिसेना. मी आपली चालत राहिले आणि त्याला धीर यावा म्हणून बोलत राहिले. माझं तोंड एकदा सुरू झालं की झालं. इलिमाचं सगळं सांगितलं. खारवलेली आलुबुखारं कशी चोखत बसते, डाव्या सपातेचा पट्टा कसा सारखा तोडते, गडगडलं की माझ्या काखेत कशी डोकं खुपसते.

खाली अंकल मॅनींनी विचारलं, मागे कोणी आहे का? मी म्हटलं, आहे की एक जण, हळू येतोय, मी थांबते म्हटलंय त्याला.

कोणी डबा उघडला नाही. आंटी चियोकोंनी डोळे मिटून घेतले. डुएन मात्र गाडीला टेकून हमसून हमसून रडायला लागला, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं. वरून कोणी आलं नाही.

रविवार, १३ ऑक्टोबर

सकाळी दार उघडलं तर पडवीत माझ्या सपातांशेजारी चिखलाचे दोन तळवे उमटलेले. मोठे, अनवाणी, ओले. बोटं दाराकडे वळलेली. उतरून गेल्याचा एकही ठसा नाही. बादलीभर पाणी ओतून धुऊन टाकले.

बुधवार, १६ ऑक्टोबर

डुएन वेगासला गेला. शाळेत कोणीतरी सहज बोललं. काल निघाला म्हणे, निरोपसुद्धा घेतला नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

डोंगराला दांडी मारली. म्हटलं होनोलुलूला जाऊन इलिमासाठी पलंग बघावा. बोगद्यात शिरले. रोज हजारो गाड्या जातात त्या बोगद्यातून. आत धुकं होतं. बोगद्यात धुकं कसं असेल? बाहेर पडले ती पुउ केआच्या पायथ्याशी, गाड्या लावतात तिथेच. वाट चुकले असेन म्हणून दुसऱ्या घाटानं गेले. तेच. समुद्राकाठच्या रस्त्यानं गेले. तेच! मंडळी नुकतीच उतरली होती. माझी गाडी तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी माना फिरवल्या.

शाळेत जाता येतं, दुकानात जाता येतं. गावाबाहेर जाता येत नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

आंटी चियोकोंना धरलंच. स्वयंपाकघरात उभं करून म्हटलं, आज सांगितल्याशिवाय सोडणार नाही.

त्यांनी सांगितलं. सोंडेवर कोणीतरी मागे राहिलेलं आहे. कोण, कधीपासून, कोणाला ठाऊक नाही. ते शेपटीमागून चालतं. आपण बोललो नाही तर तसंच राहतं. आपण ‘थांबते’ म्हटलं की ते शब्द धरून बसतं, मग ते खाली उतरेपर्यंत आपली सुटका नाही. आणि ते कधीच उतरत नाही. डुएन तसाच अडकला होता. अडकलेल्याच्या मागून दुसरं कोणी चाललं आणि त्यानं शब्द दिला, तर ते त्याला धरतं आणि पहिला सुटतो, तुझ्यामुळे डुएन सुटला तसा.

मी विचारलं, मग तुम्ही लोक तिथे मरायला जाता कशाला? त्या म्हणाल्या, डोंगरावर कोणी गेलंच नाही तर ते शोधत गावात येतं.

मी बोलू नये ते बोलले. मुसुबी खाऊ घालून बकरा केलात माझा, म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. आम्हाला वाटलं होतं तू बोलणार नाहीस, एवढंच म्हणाल्या.

आणखी एक वाट आहे. सोंडेवर, ते मागे असताना, ते वाक्य म्हणायचं. माझ्यामागे कोणी नाही. तोंडावर नाकारायचं, की ते तिथेच राहतं आणि आपण सुटतो. डुएनला जमलं नाही. ते त्याच्या मेलेल्या भावाच्या आवाजात बोलायचं.

शनिवार, २६ ऑक्टोबर

मंडळींबरोबर गेले. शेपूट मीच, दुसरं कोण होणार. धुक्यात मागून पावलं आली, या वेळी हलकी. मी वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि मागून आवाज आला, “आई, माझा पट्टा तुटला.”

इलिमा हिलोत आहे. सकाळीच बोलले होते तिच्याशी. हे सगळं कळत होतं, तरी वाक्य म्हणवेना. पोरीच्या आवाजाला ‘कोणी नाही’ कसं म्हणायचं? अक्षरशः पळत खाली आले.

सोमवार, २८ ऑक्टोबर

पडवीत पुन्हा ठसे. आता छोटे. इलिमाच्या मापाचे.

मी मूर्ख. मीच शिकवलं त्याला. आलुबुखारं, पट्टा, सगळं मीच माझ्या तोंडानं दिलं.

रविवार, ३ नोव्हेंबर

काल परत प्रयत्न केला. नाही जमलं. ‘माझ्यामागे’ इथपर्यंत आले आणि ते हुंदके देऊन रडायला लागलं.

आईला फोन करून सांगितलं, येऊ नका. घरात बुरशी आहे, मला बरं नाही, तोंडाला येईल ते. ती भडकली. तिकिटं काढून झालीत, पोर दिवस मोजतेय, तुझं कुठे लफडं आहे का म्हणाली. काय सांगणार?

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आल्या. विमानतळावरून टॅक्सीनं, काही अडचण न येता. आत येणाऱ्याला अडवत नाहीच ते.

इलिमा गळ्यात पडली आणि मी रडले. केसांना घरच्या साबणाचा वास. दिवसभर शेपटासारखी मागे मागे. संध्याकाळी तिला माझी फितींची पिशवी सापडली. हे काय ग? नुसतं म्हटलं, शेवटी चालणाऱ्यानं फिती काढायच्या असतात. तर लगेच म्हणे, उद्या मी तुझ्यामागून चालणार, मी काढणार. मी ओरडले तिच्यावर. कधी नाही ती अशी ओरडले. ती गाल फुगवून झोपली.

ती माझ्यामागून चालली आणि एक शब्द जरी मागे बोलली — ती बोलणारच, माझीच मुलगी ती.

उद्या उजाडताच एकटी जाते. वाक्य म्हणून येते. आता जमायलाच हवं. आंटींना सांगून ठेवलंय, पोरीला घराबाहेर सोडू नका. खरी इलिमा पलंगावर असेल, हे मला माहीत असेल. एवढं पुरे.

शनिवार, ९ नोव्हेंबर

सोंडेवर आहे. मोठ्या ओहिआच्या बुंध्याशी. वही भिजतेय. येताना मीच फिती बांधत आले, पुढे अंकल मॅनी नाहीत ना आज. निघताना ती झोपली होती, गालावर उशीची घडी. बघून आले. दोनदा बघितलं.

धुकं आलं. खालचं झाडही दिसत नाही.

वाट बघतेय.

—

पावलं. हलकी.

“आई, थांब ना.”

माहीत आहे मला. हे तू नाहीस. म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. माझ्यामागे —

म्हणते, आजी झोपली होती. आंटी आल्याच नव्हत्या अजून. मी मागच्या दारानं आले. काल ओरडलीस ना, म्हणून हळूच आले तुझ्यामागे.

हे मी त्याला सांगितलेलं नाही. ओरडल्याचं नाही सांगितलं. पण ते पडवीत असतं. ऐकत असेल. किंवा —

फोनला रेंज नाही.

झोपली होती. बघितलं होतं मी. पण नंतर?

म्हणते, फिती मी सगळ्या काढून आणल्या, आई. शेवटी चालणाऱ्यानं काढायच्या असतात ना?

धुक्यातून हात पुढे आला. मुठीत फिती. गुलाबी, सगळ्या. खाली जायची वाट गेली. नखात चिखल. तिच्या नखात नेहमीच असतो.

हे ते असेल तर वाक्य म्हणून मी सुटेन. आणि ही ती असेल तर? मी ‘कोणी नाही’ म्हणून उतरून जाईन आणि ती इथे, या धुक्यात, कायमची —

नाही. नाही जमत मला. नाहीच म्हणणार.

पाय अडखळतोय तिचा. पट्टा तुटलाय.

हात पुढे केला. म्हटलं ये ग राणी, सावकाश ये, मी थांब —