आबांचा खोकला

॥ श्रीराम समर्थ ॥
भोकरदन, ता. ९ जानेवारी २०२५

सौ. वंदनाताईस दैवशालाचा सा. न. वि. वि.

फोनवर घरचे ऐकतात, म्हणून चिठ्ठी बसवाल्याच्या हाती देते. चिनूच्या तापाचा आज सतरावा दिवस. दुधाच्या वहीत रोजचा लिहिलाय. सकाळी ओकते, डोकं धरून पडते. सासूबाई म्हणतात, बघ कशी शहाण्यासारखी निजते. पाच वर्षांची पोर, काल मलाच ओळखेना.

अकराव्या दिवशी इथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला जुना खोकला आहे का. मामंजींनी टीबीच्या गोळ्या दिवाळीत अर्ध्यातच सोडल्या, तुला ठाऊकच आहे. चिनू तर झोपायची तिच्या आबांच्याच कुशीत. पण वन्संचं लग्न ठरलंय. सासूबाईंनी माझा हात दाबला, अन् मी न्हाई म्हणाले. रोज देवापुढं बसणारी मी! तेव्हापासून टायफॉईडचं औषध चालू आहे. मी काय करू?

तुझी दैवशाला

नवीन जालना, ता. १० जानेवारी

चि. सौ. दैवशालास अनेक आशीर्वाद.

लहानपणी चोरून साय खाल्ली म्हणून मला देवापुढं उभी करणारी तूच ना? आता कुठं गेली ती फौजदारीण? उद्या पहिल्या गाडीनं चिनूला आण, मी स्टँडवर आहे. इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, टीबी मेंदूच्या आवरणात गेला असेल तर एकेक दिवस महाग आहे. पाठीतलं पाणी तपासावं लागेल. त्यानं पोर पांगळी होते असं कुणी म्हणालं तर ऐकू नको. पांगळं करतो तो रोग. आणि खोकल्याचं खरं सांग.

तुझी ताई

॥ श्रीराम समर्थ ॥
भोकरदन, ता. २० फेब्रुवारी

सौ. ताईस सा. न. वि. वि.

तू दवाखान्यात महिनाभर डबे पोचवलेस, ते कसं फेडू? चिनू आता भात खाते, धरलं तर चार पावलं चालते.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी जालन्याला तू केसपेपर काढायला गेल्तीस, सासूबाई-मामंजी माझ्यासंगं डॉक्टरीणबाईंकडं आले. आत सासूबाईंनी पुन्हा हात दाबला, तरी मी बोलले. मंग मामंजींनीच खिशातून उरलेल्या गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. पाठीतल्या पाण्यात जंतू दिसले न्हाईत. घरातल्या खोकल्यावरूनच औषध लगेच सुरू झालं. आठवडाभर आधी कळतं तर चिनूचे डोळे राहिले असते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वन्संच्या सासरी मामंजींनी स्वतःच सांगितलं. तिकडचे म्हणाले, गोळ्या बराबर घ्या, तारीख तीच धरू. एवढंच होतं बघ.

मामंजी आता गोठ्यात निजतात, तोंडाला रुमाल बांधून अंगणात लांब बसतात. चिनूपुढं एक शब्द बोलत न्हाईत. काल त्यांना खोकला आला. चिनूनं बराबर तिकडं तोंड वळवलं, हात पुढं केले अन् हसून म्हणाली, आबा.

माझ्यावर राग धर, पण माया कमी करू नको.

तुझी दैवशाला