मामांचं पुस्तक टॅबात उतरलं

मु. वाडी, ता. पोलादपूर

तीर्थरूप येसाजीमामांस,

तुमच्या भाच्याचा आणि शकूचा वाकून नमस्कार. मामींच्या गुडघ्याला आराम पडला असेल अशी आशा आहे. नसेल तर निदान तो दुसऱ्या गुडघ्याला बिघडवत नसेल. इकडे गाय व्यायली, कालवड झाली. आई बरी आहे. हे दर वेळी लिहितो तसं रीत म्हणून लिहीत नाही, खरंच बरी आहे, म्हणून तर पत्र लिहायला बसलो. (फोनवर तुम्ही मधेच "बरं, पुढं?" म्हणता, आणि माझं पुढचं मागं राहतं.)

तुमच्या आठवणींचं पुस्तक छापायच्या आधी आईने वाचावं म्हणून तुम्ही टॅब आणि त्यात फाइल पाठवलीत, तेव्हा तिला किती आनंद झाला ते कळवलं होतं. पुढचं कळवलं नव्हतं. तिचा डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्याचं ऑपरेशन महाडला झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की मोठं अक्षर वाचता येईल. पण आमच्याकडे मोठं अक्षर म्हणजे एसटीची पाटी. तेव्हापासून तिचं वाचणं सुटलं होतं. ओटीवर बसायची, पेपर मांडीवर घ्यायची, आणि कोणी आलं की आत्ताच वाचून झाल्यासारखी घडी घालायची.

तर टॅब उघडला. तुमचं पान दिसलं, पण अक्षर मोहरीएवढं. दोन बोटांनी ताणलं की अक्षर मोठं व्हायचं आणि ओळीचं शेपूट टॅबच्या बाहेर जायचं. आई पान ओढत ओळीच्या टोकाला पोचायची आणि परतताना तिसऱ्याच ओळीवर उतरायची. अशा रीतीने तुमच्या बारशाला निघालेली बाई थेट तुमच्या शाळेत पोचली. मग तिने टॅब पालथा ठेवला. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "तूच सांग काय लिवलाय त्यानं." आवाजात राग नव्हता, मामा. राग असता तर मला इतकं लागलं नसतं.

तेव्हा मी ई-बुक मनावर घेतलं. मला कळलं ते असं, की तुमच्या फाइलमधली पानं म्हणजे चौकटीत बसवलेले फोटोच. ई-बुकातली अक्षरं मात्र सुटी असतात, मोठी केली की जागा पाहून आपली आपण खालच्या ओळीत सरकतात. रूपांतर करणारं ॲप घेतलं आणि देवळामागच्या कातळावर जाऊन उभा राहिलो. (रेंज तिथेच, ऊनही तिथेच.) ई-बुक झालं. मी ते ऐटीत आईसमोर धरलं. अक्षरं भाकरीएवढी, पण कुठे उलटं प्रश्नचिन्ह, कुठे डॉलर, कुठे टोपी घातलेला इंग्रजी ए. आई बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "येसा बरा हाय ना रे?"

उलगडा महाडच्या टायपिंग सेंटरवाल्या तेजश्रीमॅडमनी केला. तुमच्या टायपिस्टाने म्हणे जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलंय. तो फॉन्ट निघाला की आतून हे असलं बाहेर पडतं. त्यावर त्यांचा उपाय, की पानांवरून कॉम्प्युटरलाच अक्षरं ओळखायला लावायची. त्यांनी लावली. कॉम्प्युटरला ख म्हणजे र आणि व वाटला, आणि भ म्हणजे म. त्यामुळे आपला खंडोबा रवंडोबा झाला, तुम्ही शाळेच्या पहिल्या दिवशी 'रवूप' रडलात, आणि कैलासवासी पांडूमामा, म्हणजे तुमचे थोरले भाऊ, पुस्तकभर 'थोरले माऊ' म्हणून वावरू लागले. मॅडम डगमगल्या नाहीत. त्यांनी सगळे 'माऊ' शोधून एका फटक्यात 'भाऊ' केले. आता तुमच्या लहानपणच्या मांजरीचं नावही माऊच होतं, हे त्यांना कोण सांगणार? घरी येऊन पाहतो तर भाऊ चुलीमागे व्यालेला, आणि आजी त्याला टोपलीखाली झाकतेय.

शेवटी भाताची झोडणी बाजूला ठेवून मी आणि शकू बसलो. ती मूळ पान वाचायची, मी चुका सुधारायचो. (आजीच्या आजारपणाच्या प्रकरणात तिला वाचवेना, मी चहा ठेवला. लेखक म्हणून तुम्हाला हे कळलेलं बरं.)

सोमवारी सकाळी आईच्या हातात टॅब दिला. अक्षर मोठं केलं, आणखी मोठं केलं, ओळी निमूट खाली उतरत गेल्या. "बस," आई म्हणाली. आणि तिने मोठ्याने वाचलं: "आमच्या वाडीत ऊन उशिरा यायचं, कारण मधे डोंगर होता." थांबली. पुन्हा तेच वाचलं. मग कोणाला न विचारता बोटाने पान उलटलं. शकू पदराने डोळे पुसत आत गेली, मी उगाचच गोठ्यात गेलो. दुपारी जेवायला हाका मारून घसा बसला, तर आई म्हणते, "थांब रे, येसाला मास्तर मारतोय." इतकं हलकं मला तिच्या ऑपरेशननंतरही वाटलं नव्हतं. आता तिचा पेपर घडी घातलेलाच असतो. कोणी आलं तर टॅब दाखवते आणि पाहुण्यालाच वाचून दाखवते. पाहुणे जरा कमी झालेत.

मामींना नमस्कार, सारिकाला आशीर्वाद.

तुमचा भाचा,
सुनील

ता. क. पुस्तक सर्वांना फार आवडलं. फक्त डोहाच्या प्रकरणात, बुडणाऱ्या राहीला, म्हणजे आमच्या आईला, तुम्ही केस धरून बाहेर काढलंत, ते वाचल्यापासून आई माझ्याशी बोलत नाही. (टॅबात मी घातलं म्हणजे मीच लिहिलं, असं तिचं मत.) तिच्या म्हणण्याप्रमाणे बुडत होतात तुम्ही, केस तुमचे, ओढणारी ती, आणि तुमची चड्डी शेवटपर्यंत सापडली नाही. छापण्याआधी दुरुस्ती व्हावी, ही विनंती. चड्डी वगळली तरी चालेल, असं शकू म्हणते.

आणखी एक. आईने हे पत्र मागून घेतलं, दोन बोटांनी कागद ताणून पाहिला, मोठा होईना म्हणून माझ्याकडून वाचून घेतला, आणि आता तिच्याच शब्दांत लिहायला सांगतेय: "येसा, तूच मला काढलास आसा ऱ्हाऊ दे. लोकं वाचतील, तुला मान देतील. पन एकदा घरला येऊन जा. ह्या टॅबाशी भांडता येत नाय."