खडूची खूण

प्रिय राउनो,

माझं पत्र बघून दचकू नकोस. फोनवर हे मला जमलं नसतं. तू मध्येच 'बरं, ठेवतो' म्हणाला असतास आणि मीही सुटले एकदाची म्हणून ठेवू दिला असता. तेव्हा बस आता, आणि शेवटपर्यंत वाच.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. दफनाला तू आलास, हेच खूप. पण शवपेटीवर फुलं ठेवताना सगळ्यांनी आपापल्या फुलांच्या फितीवरच्या निरोपाच्या ओळी मोठ्यांदा वाचल्या आणि तू वाचलंस, 'राउनो, पेट्रा आणि हेल्मी.' बस्स! टपालाच्या पेटीवर असतात तशी तुझं, बायकोचं आणि मुलीचं, नुसती नावं. नंतरच्या कॉफीलाही थांबला नाहीस. हेल्मी अजून उजवा पाय जरा ओढत चालते, ते मी पाहिलं. गावाला कोणी काही सांगायची गरज नव्हती. साडेचार वर्षांपूर्वी ताइस्तो मेकॅनिकने, म्हणजे आपल्या बाबांनी, स्वतःच्या मुलाच्या गाडीचं चाक आवळलं नाही, ते वाटेत निखळलं, गाडी खड्ड्यात गेली आणि नातीचा पाय मोडला, हे सगळ्यांना पाठ आहे. "एकेचाळीस वर्षं लोकांच्या गाड्या ठीक केल्यात, आणि घरचं एक चाक आवळता आलं नाही?" हॉस्पिटलच्या दारात तू हे त्यांना विचारलंस, त्यानंतर या घराचा उंबरा ओलांडला नाहीस.

गेला आठवडाभर मी गॅरेज आवरतेय. आवरतेय कसलं, एक डबा उघडते, मूठभर नट हातात घेते आणि रडत बसते. त्यांचा तो लाकडी दांडा अजून खिळ्यालाच आहे. एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डॉक्टरसारखे डोळे मिटून उभे राहायचे, आठवतं? शेजारच्या एस्कोच्या बायकोची गाडी ऐकून म्हणाले होते, "बाई, ही गाडी आहे की कोंबड्यांचं खुराडं? तेल शेवटचं कधी बदललंत, मुलाच्या बारशाला?" बाई दोन वर्षं रुसली होती. दफनाला मात्र सगळ्यात जास्त तीच रडली.

आणि आईची वेणी! तिची बोटं संधिवाताने वाकडी झाल्यावर दर शनिवारी सौनातल्या वाफेच्या अंघोळीनंतर ती वेणी बाबाच घालायचे. आधी साखर आणि भांड्यांचा साबण घेऊन हात चोळचोळून धुवायचे, मग शाळेतल्या पोरासारखी नखं माझ्यापुढे धरायचे. आई ओरडायची, "अहो, केस आहेत माझे, पंख्याचा पट्टा नाही!" ती गेली त्या दिवशीही तिची वेणी त्यांनीच घातली. मी घालते म्हटलं, तर मला हात लावू दिला नाही.

तुझे हिवाळी टायर मागच्या भिंतीला आहेत. दर ऑक्टोबरला ते चारही खाली काढायचे, धुवायचे, खाचांतले खडे एकेक करून टोकरायचे, बर्फावर घसरू नये म्हणून टायरला असतात ते खिळे मोजायचे आणि पंधरा दिवस दारापाशी उभे करून ठेवायचे. बर्फ पडलं की निमूटपणे परत वर टांगायचे. मी चिडून म्हटलं, बाबा, त्याने ती गाडी केव्हाच विकली. तर म्हणाले, "गाडी विकली असेल. टायर तर नाही ना विकले?"

आता त्या एप्रिलच्या शनिवारचं सांगते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. गाडी जमिनीवर उतरवायची, मोठ्या पान्याने नट समोरासमोरचे आवळायचे आणि मगच टायरवर खडूची रेघ मारायची. रेघ नसलेली गाडी अंगणाबाहेर जात नसे. त्या दिवशी तुझे हिवाळी टायर काढून उन्हाळी बसवायचे होते, पण त्यांचा खांदा धरला होता. तीन चाकं त्यांनी केली आणि चौथ्याला म्हणाले, "राइली, हे तू उरक गं." मी हातानेच नट बसवले, गाडी खाली घेतली. खडू हातातच होता, म्हणून रेघ आधी ओढली. लगेच आवळणारच होते की! तेवढ्यात पेट्राने कॉफीला हाक मारली, हेल्मी येऊन हाताला लोंबकळली, आणि मी आत गेले. बाबांनी गाडीभोवती चक्कर मारली, चार रेघा पाहिल्या आणि बॉनेटवर थाप दिली. ते चाक माझं होतं, राउनो. संध्याकाळी अपघात झाल्याचा तुझा फोन आला, तेव्हा सौनाच्या पायरीवर मी त्यांना सांगितलं. त्यांनी हातातला टॉवेल घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "शाळेची गाडी चालवतेस तू. हे कळलं तर कोण आपलं पोर बसवेल तुझ्याकडे? आणि राउनोचा बाप आज ना उद्या जायचाच आहे. त्याची बहीण कशाला घालवायची?" पोलिसांना त्यांनीच सांगितलं, तुलाही, की ते चाक त्यांचं. मी सांगू दिलं. दर नाताळाला तुझ्या घरी येऊन मी हॅम खाल्लं, हेल्मीच्या मिठ्या घेतल्या, आणि इथे ते एकटे टायर धूत होते. मला लाज वाटते, इतकी की आरशात बघवत नाही. काल शाळेत जाऊन सगळं सांगितलं आणि गाडीच्या किल्ल्या देऊन आले. आता फक्त तू उरला होतास. माफी मागायला लिहिलेलं नाही हे. बाबांनी माझ्यासाठी आपला मुलगा गमावला, तो त्यांना परत द्यायला लिहिलंय. त्यांच्या थडग्यावरची तुझी फीत पावसाने भिजून पुसट झाली आहे. नवी आण, आणि या वेळी तिच्यावर नावांच्या आधी काहीतरी लिही. माझ्याशी बोलायचं नसेल तर घरात येऊ नकोस. टायर धुऊन गॅरेजच्या दारापाशी उभे करून ठेवलेत, यंदा मी. खडूला हात लावलेला नाही.

तुझीच म्हणायचं की नाही, ते तू ठरव,
राइली