पीटीच्या बुटांवरचा काळा डाग

मंगळवार, १४ ऑक्टोबर. डीमन.

आज व्हिडिओ कॉलवर आईला दाराजवळचे माझे पांढरे कॅनव्हासचे बूट दिसले. डाव्या बुटाच्या टोकाला सायकलच्या चेनचा काळा डाग.

"ऑफिसला पीटीचे बूट? ह्याच्यासाठी शिकवलं तुला?"

"अगं, माझा इथला डच बॉस योरिससुद्धा हेच घालतो. तेही फाटके!"

"त्याच्या घरी आजा-पणजा शिकलेले असतील. त्याला फाटकं शोभतं. आपल्याला आधी स्वच्छ दिसावं लागतं, बाई."

चिडले मी. साहेब आणि सफाईवाला दोघंही घालतात, म्हणून तर हे बूट मला आवडतात. तसं तिला ऐकवलंही. मग "बरं, जेवून घे" म्हणून तिने फोन ठेवला. तेच जास्त लागलं.

उद्या झुइडासला, बड्या कंपन्यांच्या ऑफिसांच्या भागात, माझं पहिलं प्रेझेंटेशन. डागासकट जायचं ठरवून भांडी घासायला घेतली, पण नजर सारखी त्या डागाकडे. योरिसला कधी असं होत असेल?

शेवटी बूट धुतले. पिवळे पडू नयेत म्हणून आई शाळेच्या बुटांना गुंडाळायची तसा कागद गुंडाळून हीटरजवळ ठेवलेत.

डाग गेला नाही. उद्या हेच घालणार. पण घासले होते, एवढं तिला सांगेन.